मी कुणाचीच मावशी नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे संस्थापक, ज्यांना इथले सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, वाहन चाचणीचे निवृत्त परीक्षक, ज्यांनी माझ्या विद्यार्थ्यांना फार प्रेमाने आणि वारंवार नापास केलं. शेजारच्या सीटवर बसून रोज जीव मुठीत धरणारे माझे सहकारी शिक्षक. आमच्या गाड्यांचे क्लच बदलून बदलून कंटाळलेले मेकॅनिक. आजी-माजी विद्यार्थी आणि त्यांच्या घरची धीराची माणसं. आणि तिसऱ्या रांगेत मोबाईल उंच धरून उभ्या असलेल्या, सरांच्या सूनबाई.

सूनबाई, मोबाईल आधी खाली. बसून घ्या. पुढच्या खुर्चीला टेकवून ठेवू नका, पर्समध्ये ठेवा. चेन लावा. आभारी आहे. बाकीच्यांनाही हीच विनंती. मी काही फार मोठं बोलणार नाही, पण जे बोलेन ते या चार भिंतींत बोलणार आहे.

निवेदकांनी आत्ता माझी ओळख करून दिली. छान बोलले. ‘लाखो लोकांची लाडकी क्लचमावशी’ म्हणाले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. या संस्थेत मी माझं निम्मं आयुष्य काढलं. त्यातली शेवटची थोडी वर्षं सोडली तर मला कुणी मावशी म्हटलेलं नाही. ऑफिसात मी ‘बाई’, विद्यार्थ्यांची ‘मॅडम’, आणि घरी भावाची मुलं आहेत, ती आत्या म्हणतात. मला बहीणच नाही. जिला बहीण नाही ती मावशी होणार कुणाची? हा प्रश्न मी सूनबाईंना पहिल्याच दिवशी विचारला होता. त्या म्हणाल्या, “आत्या चालत नाही हो. आत्या म्हटलं की लोकांना टोमणे आठवतात. मावशीत माया आहे.” नातीसुद्धा चालणारी आणि न चालणारी असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आता खरं ते खरं सांगितलं पाहिजे. सूनबाई या घरात आल्या तेव्हा आपलं स्कूल बंद पडायच्या बेतात होतं. सर, तुम्ही मान हलवताय म्हणजे तुम्हालाही आठवतंय. सकाळच्या बॅचला मी गाडी पुसून उभी राहायचे आणि कुणी यायचंच नाही. आम्ही शिक्षकांनी एकमेकांना गाडी शिकवायची तेवढी बाकी राहिली होती. सूनबाईंनी सगळं पाहिलं, आठवडाभर काही बोलल्या नाहीत, आणि मग एक दिवस माझ्या गाडीच्या काचेला काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवून गेल्या. ‘शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यास’ करायचा आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, करा बापड्या.

त्या अभ्यासातून पहिला व्हिडिओ निघाला. एक भला माणूस क्लच सोडताना गाडीला अजीजीने ‘चल, चल’ म्हणत होता, आणि मी म्हणाले, “विनंती करू नका, गाडीला सांगा.” एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण लोक हसले. ज्यांनी पाहिलं त्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, आणि पुढच्या महिन्यात सकाळच्या बॅचला रांग लागली. तेव्हा सूनबाईंनी मला समोर बसवून समजावलं की मी आता शिक्षिका राहिले नसून एक ब्रँड आहे. पर्सनल ब्रँड. मी विचारलं, “म्हणजे काय?” म्हणाल्या, “लोकांनी तुम्हाला लांबूनच ओळखायला हवं.” मी म्हटलं, जवळून ओळखत नाहीत अशी माझी कधी तक्रार नव्हती.

पण ब्रँडला सातत्य लागतं. म्हणून भर उन्हाळ्यात माझ्या गळ्यात पिवळा स्कार्फ आला. रोज तोच रंग. धुवायला टाकला तर बदली म्हणून दुसरा, तसाच. मग पोस्ट सुरू झाल्या. माझा फोटो आणि खाली माझं वचन. ही वचनं मी सकाळी चहा पिताना प्रथमच वाचायचे. ‘आयुष्याला रिव्हर्स गिअर नसतो – क्लचमावशी.’ मी असं बोलेन का हो? रिव्हर्स नसेल तर गाडी पार्क कशी करायची? माझ्या भाच्याने – भावाचा मुलगा, भाचाच म्हणायचा – ते वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि माझा भाऊ, जो माझ्याशी कधी धड बोलत नाही, तो म्हणाला, “निदान इथे तरी शहाण्यासारखी बोलतेस.”

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. लोकांना मी चिडलेली हवी होते. आता माझ्या घरी विचारा, मी चिडते. बँकेत चिडते, दवाखान्यात चिडते, सरांच्या मीटिंगमध्ये तर चिडण्यासाठीच जाते. पण गाडीत मी चिडत नाही. शिकणाऱ्याचा पाय आधीच क्लचवर थरथरत असतो. त्यावर आपण आवाज चढवला तर तो पाय आपल्या हातात राहत नाही. गाडीत मी हळू बोलते. हे माझ्याकडे एवढं एकच कौशल्य आहे. आणि संध्याकाळी सूनबाई हिरमुसल्या होऊन म्हणायच्या, “मावशी, आज तुम्ही एकदाही ओरडला नाहीत.” औषधाच्या दुकानात अनोळखी पोरं समोर मोबाईल धरून म्हणायची, “मावशी, आम्हाला ओरडा ना.” तिथे मात्र मी ओरडायचे, मनापासून. ते व्हिडिओ फार चालले म्हणतात.

हे सगळं मी सहन केलं, कारण रांग लागलेली दिसत होती. सहकाऱ्यांचे पगार वेळेवर होत होते. माणूस स्कार्फ घालतो. पण यात एक बाई सापडली, आणि तिथून माझं डोकं फिरलं. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यांना विचारूनच बोलते आहे. त्या इथे नाहीत, कारण सकाळीच रोपं पोचवायला निघाल्या आहेत.

त्यांची नर्सरी आहे. फुलझाडं, कुंड्या, हिरवळीचे गालिचे, असलं. नवरा-बायको दोघं चालवायचे. बाईंनी माती, खत, कलमं बघायची आणि यजमानांनी व्हॅनमधून माल पोचवायचा. यजमानांना एक दिवस अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण डावा हात आणि डावा पाय मनाप्रमाणे चालेना, आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. व्हॅन दारात उभी राहिली. गिऱ्हाईकं फोन करायची आणि बाई सांगायच्या, येऊन घेऊन जा. कोण येतं? मग वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या आमच्याकडे आल्या. माझ्या शेजारी बसल्या तेव्हा नखांत माती होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मला शिकणाऱ्यांचं फारसं कौतुक वाटत नाही, परीक्षकसाहेबांना ठाऊक आहे. पण या बाई चांगल्या शिकत होत्या. हळू, पण पक्कं. आरसे न विसरता बघायच्या. एक गोष्ट चुकली तर घरी जाऊन उभ्या व्हॅनमध्ये बसून तीच गोष्ट पुन्हापुन्हा करायच्या. मी ठरवलं होतं, यांना पहिल्या फटक्यात पास करून दाखवायचं, साहेबांच्या नाकावर टिच्चून.

त्या दिवशी आम्ही मोठ्या गोल चौकात शिरलो. बाईंनी थांबून, दोन्हीकडे बघून, नीट गाडी घातली. अर्ध्यावर आलो आणि मागून अँब्युलन्सचा सायरन सुरू झाला. सायरन वाजला की शिकाऊ माणूस गोंधळतो, त्यात नवल नाही. गाडी बंद पडली. मी माझा ब्रेक दाबला आणि म्हणाले, “काही घाई नाही, पुन्हा चालू करा.” बाईंनी चावी फिरवली नाही. त्यांनी पट्टा काढला, दार उघडलं, खाली उतरल्या, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दार लावून घेतलं. मागचा पट्टासुद्धा लावला. आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून, समोर बघत बसल्या.

मी चालकाच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. म्हणाले, “बाई, आता गाडी कोण चालवणार?” मला दुसरं काही सुचलंच नाही. मग मी उतरून वळसा घालून आले, गाडी बाजूला घेतली, अँब्युलन्स गेली. नंतर झाडाखाली गाडी लावून आम्ही बराच वेळ बसलो. बाई म्हणाल्या, “ह्यांना नेलं ना, तेव्हा मी मागे बसले होते. ह्यांचा हात धरून. तो आवाज आला आणि मला वाटलं, माझी जागा मागे आहे, मी पुढे काय करतेय.” मी त्यांना पाणी दिलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या पुन्हा येते.”

उद्या आल्याच नाहीत. कारण उद्यापर्यंत तो व्हिडिओ जगभर झाला होता.

सूनबाईंनी काय केलं होतं? गाडी बंद पडते, बाई उतरतात, मागे जाऊन बसतात, पट्टा लावतात, आणि माझा चेहरा. ‘आता गाडी कोण चालवणार?’ संपलं. खाली उड्या मारणारं गमतीचं संगीत. त्या संगीताखाली सायरन गेला, आणि झाडाखालचं तर घेतलंच नव्हतं. ज्याने पाहिलं तो हसणारच. खरं सांगते, मी कुणी परकी असते तर मीही हसले असते. लोक या सभागृहाच्या कितीतरी पट जास्त, आणि सगळे एका बाईला हसताहेत. कुणी लिहिलं, माझी सासू. कुणी लिहिलं, बायकांनी मागेच बसावं. तिला नावही पडलं, ‘बॅकसीट आंटी’. आणि माझं नाव? माझे फॉलोअर्स एका आठवड्यात दुप्पट झाले.

मी ऑफिसात गेले. तेव्हाचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“सूनबाई, तो व्हिडिओ काढा.”

“मावशी, तो आपला आजवरचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ आहे.”

“म्हणूनच काढा म्हणते.”

“पण त्यांनी प्रवेश घेताना चित्रीकरणाला संमती दिलीय.”

“गाडी शिकायला आल्या होत्या. समोर ठेवलेल्या कागदावर सही केली. तुम्हीही केली असती.”

“आणि आता काढून उपयोग काय? लोकांनी कधीच उतरवून घेतलाय. तो आता आपला राहिलेला नाही.”

“मग आपल्या अकाउंटवर कशाला ठेवायचा, आपला राहिला नाही तर?”

त्यावर त्या मायेने म्हणाल्या, “मावशी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. ब्रँड भावनेवर चालत नाही.” मी सरांकडे गेले. सर पेपर वाचत होते. म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही बाई, तुम्ही दोघी बघून घ्या.” सर, आज तुमच्या हस्ते माझा सत्कार आहे, म्हणून जास्त बोलत नाही. पण त्या दिवशी तुम्ही तो पेपर खाली ठेवायला हवा होता.

मग मी माझ्या परीने संप केला. रोज स्कार्फ घालायचे, रोज कॅमेऱ्यापुढे बसायचे, आणि फक्त आरसे कसे लावायचे ते सांगायचे. आज मधला आरसा. उद्या बाजूचा आरसा. परवा पुन्हा मधला, कारण तो हलतो. अत्यंत गोड आवाजात. बघणारे भराभर कमी झाले. कुणीतरी काळजीने लिहिलं, ‘मावशी आजारी आहेत का?’ दरम्यान एक पोरगा मित्राला मागे बसवून आला आणि मुद्दाम गोल चौकात गाडी बंद पाडून माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी त्याला सांगितलं, “छान. आता इशाऱ्याचा दिवा लाव, पुन्हा चालू कर, आणि आरसा बघ.” त्याने पैसे परत मागितले.

पण व्हिडिओ तिथेच होता, आणि बाई काही येत नव्हत्या. फोन उचलत नव्हत्या. शेवटी मी नर्सरीवर गेले. फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत यजमान बसले होते. बोलणं जड झालं होतं, पण शब्द स्वच्छ होते. मला बघून म्हणाले, “तुम्हीच का त्या?” मी म्हटलं, “हो, मीच ती.” म्हणाले, “मला शेजाऱ्याने दाखवला. मी हसलो. मग ती आली, तिला दाखवला.” डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “हसायला नको होतं. मला ठाऊक होतं ती मागे का बसली ते. जरा उशिरा कळलं, एवढंच.”

बाई आत मोगऱ्याची कलमं भरत होत्या. हात थांबवले नाहीत. म्हणाल्या, “मॅडम, माणसं रोप घ्यायला येतात आणि मला बघून जातात. एकीने माझ्याबरोबर फोटो मागितला. दिला. काय करू? तिने दोन कुंड्या घेतल्या.”

“गाडीचं काय?”

“व्हॅन विकायची म्हणतोय.”

“विकू नका.”

“तुमच्या त्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.”

“माझ्या गाडीत नका बसू. तुमच्या व्हॅनमध्ये बसा. मी शेजारी बसते.”

आता जे शिक्षक इथे आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. स्कूलच्या गाडीत आपल्या पायाखाली आपला ब्रेक असतो. त्या व्हॅनमध्ये माझ्या बाजूला खतांच्या पिशव्या होत्या. हाताशी फक्त हँडब्रेक. दर रविवारी सकाळी मी त्या बाईंच्या शेजारी बसून, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून दाबून, घरी लंगडत जायचे. यजमानांनी पहिल्या दिवशी हट्टाने मागे बसायचं ठरवलं. बाईंनी पहिला गिअर टाकायच्या आत त्यांनी पाच सूचना दिल्या. मी म्हटलं, “तुम्ही उतरा.” म्हणाले, “व्हॅन माझी आहे.” मी म्हटलं, “कान माझे आहेत.” उतरले. पण फाटकाशी उभं राहून हातवारे करायचे, ते शेवटपर्यंत.

कॅमेरा नव्हता, संगीत नव्हतं. बाई चालवू लागल्या. आधी गल्लीत, मग हमरस्त्यावर, मग एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, “चौकातून जाऊ.” गेलो. काही झालं नाही. काहीही झालं नाही, हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

पण बातमी फुटते. सूनबाईंना कळलं आणि त्या धावत आल्या, डोळ्यांत चमक. “मावशी, हे तर सोनं आहे. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर! त्यांची जिद्द दाखवू. लोक त्यांना डोक्यावर घेतील.” मी म्हटलं, “त्यांना कुणाच्या डोक्यावर बसायचं नाहीये, रस्त्यावर जायचंय.” सूनबाईंना ते मनापासून पटेना. त्यांना वाटत होतं, आपण केलेलं नुकसान आपणच भरून देतोय. मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. चांगलं करायला निघालेल्या माणसापुढे मी तरी हात टेकले.

टेस्टच्या दिवशी मैदानावर आमचे प्रमुख पाहुणे खुर्ची टाकून बसले होते, सवयीप्रमाणे कपाळाला आठ्या घालून. बाईंनी आठचा आकडा सुरेख काढला. मागे घेणं सुरेख. मग चढ आला. मध्यावर थांबायचं आणि गाडी मागे न येऊ देता पुढे न्यायची. बाई थांबल्या, हँडब्रेक ओढला, उजवीकडचा आरसा बघितला, आणि आरशात त्यांना कुंपणापलीकडे उंच धरलेला मोबाईल दिसला. हँडब्रेक सोडताना व्हॅन मागे आली. फार नाही, पण आली. साहेबांनी मान हलवली. नापास.

मी कुंपणाकडे निघाले. त्या वेळी मी काय बोलले असते ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि ते फार चाललं असतं. पण माझ्या आधी बाई पोचल्या. व्हॅन नीट बाजूला लावून, चावी हातात घेऊन, चालत. आवाज बिलकूल चढवला नाही. विचारलं, “ताई, हेही टाकणार का?”

सूनबाई गडबडल्या. “छे हो, हे कशाला? नापास झालेलं कोण टाकतं? पास व्हाल तेव्हाचं टाकू.”

बाई म्हणाल्या, “मग त्या दिवशीचं का टाकलंत? त्या दिवशी तर मी परीक्षेलाही बसले नव्हते. शिकत होते.”

सूनबाईंनी हात खाली घेतला. मोबाईल हातात तसाच होता, उलटा. बाई मला म्हणाल्या, “चला मॅडम, पाणी घालायचं राहिलंय.” आणि आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ अकाउंटवर नव्हता. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता कुणी म्हणेल, झालं ना सगळं ठीक? नाही झालं. तो अजून फिरतो आहे. परवा माझ्या भावाला त्याच्या मित्राने नव्याने पाठवला. अजून कुणी तरी नर्सरीत येऊन बाईंकडे बघतं आणि हसू दाबतं. ते परत घेता येत नाही. बाई दुसऱ्या खेपेला पास झाल्या, चढावर व्हॅन जागची हलली नाही. साहेब, तुम्ही सहीसुद्धा हसून केलीत, मी पाहिलं. त्या पास झाल्याचा व्हिडिओ कुठेही नाही. कुणी बघितलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी हिरवळीचे तीन गालिचे पोचते केले.

मग माझी निवृत्ती जवळ आली आणि सूनबाई माझ्या घरी आल्या. मला वाटलं, निरोपाचं बोलायला. त्यांना माझी परवानगी हवी होती. मी गेले तरी क्लचमावशी चालू ठेवायची. जुनं चित्रीकरण भरपूर आहे, आवाज आहे, स्कार्फ आहेत. म्हणजे मी घरी झोपलेली असताना मी लोकांना ओरडत राहणार. मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “मावशी, तुम्ही गेलात तर सकाळच्या बॅचचं काय? माझी चेष्टा नका करू, मला खरंच भीती वाटते. पुन्हा तसंच होईल.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मला अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर वैतागले, पण हे सगळं त्या भीतीपोटी करताहेत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी विचारलं, “सूनबाई, तुम्हाला गाडी येते?”

“नाही.”

“का?”

“इथे शिकायला लाज वाटते. ड्रायव्हिंग स्कूलची सून आणि गाडी येत नाही, लोक काय म्हणतील?”

“माझ्या निवृत्तीला अजून थोडे दिवस आहेत. उद्या सकाळी या.”

सरांनाही हे आत्ताच कळतंय, त्यांचा चेहरा बघा. सूनबाई, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून सांगते आहे. तर सूनबाई रोज येत होत्या, स्कूल उघडायच्या आधी. गेल्या आठवड्यात आम्ही बाजाराच्या चढावर होतो. पुढे हातगाडी, मागे मालट्रक. गाडी बंद पडली. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला. सूनबाईंनी एकदा चालू केली, पुन्हा बंद. दोन्ही बाजूंचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. सूनबाईंचे कान लाल झाले, आणि त्यांनी घाबरून काचेकडे पाहिलं. मला म्हणाल्या, “मावशी, कॅमेरा बंद आहे ना?”

मी म्हटलं, “बंद आहे.”

“नक्की?”

“काढून डिकीत टाकलाय.”

हेही मी हळूच म्हटलं. गाडीत मी आवाज चढवत नाही, हे सांगितलंच. त्यांनी हात ओढणीला पुसले, क्लच दाबला, गाडी चालू केली, आणि आम्ही वर गेलो. वर गेल्यावर त्यांनी आरसा बघितला. मग म्हणाल्या, “नर्सरी इथून लांब आहे का?”

“नाही. डावीकडे वळा.”

आम्ही गेलो. आत दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी गाडीतच बसून राहिले. ते त्यांचं आहे. बराच वेळ लागला. सूनबाई बाहेर आल्या, तोंड धुतलेलं होतं. फाटकातून गाडी मागे घ्यायची होती आणि जागा अरुंद. यजमान खुर्चीतून उठले, काठी भिंतीला टेकवली, आणि चांगला हात वर करून सांगायला लागले, ‘या, या, आणखी या, बस.’ सूनबाईंनी त्यांच्या हाताकडे बघत बघत गाडी बाहेर काढली. कुठेही घासली नाही. बाई कुंड्यांमध्ये उभ्या राहून बघत होत्या. हसत नव्हत्या. पण आत निघूनही गेल्या नाहीत.

क्लचमावशीचं अकाउंट कालपासून बंद आहे. यापुढे सकाळच्या बॅचला रांग लागेल की नाही, मला माहीत नाही. सर, काळजी तुम्ही करा, पेपर बाजूला ठेवून.

सत्काराबद्दल सरांची आणि संस्थेची मी ऋणी आहे. वेळात वेळ काढून आलेल्या परीक्षकसाहेबांचे आभार, शेजारी बसणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांचे आभार, आणि ज्यांनी माझ्या पायाखालचा ब्रेक झिजवला त्या विद्यार्थ्यांचे तर विशेष. बोलता बोलता कुणाला लागलं असेल, कुणाचं श्रेय द्यायचं राहिलं असेल, कुठे जीभ जास्त पुढे गेली असेल, तर ते पोटात घाला. माझ्या वयाकडे बघून नव्हे, आपल्या ओळखीकडे बघून. पुढच्या मंगळवारी सूनबाईंची टेस्ट आहे. तिथे कुणीही येऊ नये, ही नम्र विनंती.